शिलाई यंत्रांचा कारखाना मोटारीकडे वळतो : ओपेल आणि ‘लुट्समान पद्धती’ची गाडी (१८९९–१९०२)

पार्श्वभूमी

जर्मनीत माइन नदीच्या काठी, माइन्झ आणि फ्रँकफुर्ट या दोन शहरांच्या मध्ये, रुसेल्सहाइम हे गाव आहे. तेथे कुलपे आणि लोखंडी कामे करणाऱ्या एका कारागिराच्या घरी १८३७ मध्ये आडाम ओपेल यांचा जन्म झाला. वडिलांच्या हाताखाली काम शिकल्यावर त्या काळच्या रिवाजाप्रमाणे ते गावोगाव काम करत फिरले, बेल्जियममार्गे पॅरिसला पोहोचले आणि तेथील कारखान्यांत त्यांनी शिलाई यंत्राची रचना आतून-बाहेरून समजून घेतली. १८६२ मध्ये गावी परतल्यावर त्यांनी काकांच्या रिकाम्या गोठ्यात स्वतःचे पहिले शिलाई यंत्र तयार केले. १८६८ मध्ये गोठा सोडून रेल्वे स्टेशनजवळ कारखाना उभा राहिला. त्याच वर्षी झोफी शेलर यांच्याशी त्यांचे लग्न झाले. व्यवहाराची बाजू झोफी यांनी पहिल्यापासून पाहिली. पुढे जे घडले ते समजण्यासाठी हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण या प्रकरणातील मुख्य निर्णयाच्या वेळी आडाम हयात नव्हते.

१८८६ मध्ये कारखान्यात बायसिकली बनू लागल्या. कार्ल, विल्हेल्म, हाइनरिश, फ्रिट्स आणि लुडविग हे पाचही मुलगे सायकलशर्यतींत उतरत आणि जिंकत, त्यामुळे कारखान्याला जाहिरातीची वेगळी गरज फारशी पडत नसे. त्याच वर्षी, म्हणजे १८८६ च्या जानेवारीत, रुसेल्सहाइमच्या दक्षिणेस असलेल्या मानहाइम शहरात कार्ल बेंझ यांनी आपल्या तीनचाकी मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्या अर्जाचा आणि ओपेलच्या सायकलींचा एकमेकांशी काहीही संबंध नव्हता, पण दोन्हींत तारांच्या आऱ्यांची चाके, पोलादी नळ्या आणि साखळी या वस्तू होत्या. मोटारीच्या पहिल्या दशकाचा इतिहास वाचताना ती घोडागाडीची मुलगी आहे असे अनेकदा सांगितले जाते; मला ती निम्मी तरी सायकलीची धाकटी बहीण वाटते.

१८९५ मध्ये विषमज्वराने आडाम यांचे निधन झाले आणि कारखाना झोफी व मुलांच्या हाती आला.

अडचण

नव्वदीच्या दशकाच्या मध्यापर्यंत सायकलीला युरोपभर अफाट मागणी होती. त्या मागणीच्या भरवशावर जर्मनीत कारखान्यांमागून कारखाने निघाले, असलेल्यांनी यंत्रे वाढवली, आणि अमेरिकेतून स्वस्त सायकलींचा पुरवठा सुरू झाला. १८९८ च्या सुमारास या सगळ्याचा व्हायचा तोच परिणाम झाला: माल जास्त, गिऱ्हाईक तेवढेच, आणि भाव घसरलेले. शिलाई यंत्रांचा धंदा चालू होता, परंतु तेथे सिंगरसारख्या अमेरिकी कंपनीशी गाठ होती आणि पूर्वीच्या वेगाने वाढण्याची शक्यता उरलेली नव्हती.

म्हणजे ओपेल कुटुंबाजवळ मोठा कारखाना होता, सुटे भाग मापात आणि एकसारखे बनवण्याची सवय असलेले कामगार होते, गावोगाव शिलाई यंत्रे व सायकली विकणारे दुकानदार होते, आणि या सर्वांना पुरेल असे काम कमी पडू लागले होते. ही अडचण एकट्या ओपेलची नव्हती. बीलेफेल्डमधील ड्युर्कोप या शिलाई यंत्रांच्या कारखान्यापुढे, फ्रँकफुर्टमधील आडलर या सायकल व टंकलेखन यंत्रांच्या कारखान्यापुढे आणि विणकाम यंत्रांपासून सुरुवात केलेल्या एनएसयूपुढे तोच प्रश्न थोड्याफार फरकाने उभा होता, आणि या तिन्ही कारखान्यांनी पुढे मोटारीच बनवल्या. त्यामुळे ओपेलने मोटारीकडे वळण्याचे ठरवले यात विशेष काही नाही. ते कोणत्या वाटेने वळले, हा या अभ्यासाचा विषय आहे.

कारखान्याला काय येत होते आणि काय येत नव्हते

पर्यायांकडे जाण्याआधी कारखान्याच्या अंगी असलेल्या कौशल्याचा हिशेब मांडला पाहिजे, कारण माझ्या मते सगळी गफलत याच हिशेबात झाली.

सायकल बनवणाऱ्याला पोलादी नळ्या पितळी डाग देऊन जोडता येतात, गोळ्यांचे बेअरिंग बसवता येते, साखळी आणि दातेरी चकत्या करता येतात, आऱ्या ताणून चाक सरळ करता येते, रंगाची भट्टी आणि निकेलचा मुलामा येतो. शिलाई यंत्र बनवणाऱ्याला याहून नाजूक गोष्ट येते. सुई खाली येऊन वर निघताना दोऱ्याचा जो लहानसा फास तयार होतो, त्यातून धोट्याचे टोक नेमक्या क्षणी गेले पाहिजे. केसभर फरक पडला तर टाका सुटतो. दोन हालचालींचा असा मेळ घालणे, आणि तो एका यंत्रात नव्हे तर हजारो यंत्रांत घालणे, ही गोष्ट इंजिनाच्या झडपा आणि ठिणगी यांचा मेळ घालण्याच्या फार जवळची आहे.

येत नव्हते ते असे: तापणाऱ्या सिलिंडरचे ओतकाम, त्याला पाण्याने थंड ठेवण्याची सोय, इंधनाची वाफ आणि हवा यांचे प्रमाण, विजेची ठिणगी, आणि भार घेऊन फिरणारे गिअर. थोडक्यात, गाडीचा सांगाडा व चाके घरची होती, पण तिचे हृदय बाहेरून आणावे लागणार होते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय हात बांधून बसण्याचा होता: सायकलीची मंदी ओसरेपर्यंत तग धरायचा. धंद्यात पैसा असलेल्या कुटुंबाला हे जमले असते, आणि सायकलीची मागणी पुढे खरोखर परतली. पण रिकामे बसलेले कुशल कामगार टिकत नाहीत.

दुसरा पर्याय स्वतःची गाडी पहिल्यापासून तयार करण्याचा. फ्रिट्स यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले होते, परंतु बेंझ आणि मोटारीचे दुसरे जर्मन प्रवर्तक डाइमलर यांनी जवळजवळ पंधरा वर्षे ज्या चुका करून ज्ञान मिळवले होते, त्या सगळ्या पुन्हा करण्याची ही तयारी ठरली असती.

तिसरा पर्याय परवान्याचा. याचे उदाहरण अगदी ताजे होते. हाइनरिश एअरहार्ट यांनी १८९६ मध्ये स्थापन केलेल्या आयझेनाखच्या वाहन कारखान्याने १८९८ मध्ये फ्रान्समधील दकोव्हिल कंपनीचा परवाना घेऊन ‘वार्टबुर्ग’ नावाने मोटारगाडी बनवायला सुरुवात केली होती. परवान्यात चाचणी झालेली रचना मिळते, आराखडे मिळतात, आणि मूळ कंपनीने सुधारणा केली की तीही करारानुसार मागता येते. उलट पक्षी मान परक्याच्या हाती राहते, आणि फ्रान्सशी झालेल्या १८७० च्या युद्धानंतरच्या जर्मनीत फ्रेंच माल जर्मन नावाने विकणे हा थोडा नाजूक मामला होता.

चौथा पर्याय होता एखादा चालू, लहान कारखाना माणसांसकट विकत घेण्याचा.

आनहाल्ट संस्थानाची राजधानी असलेल्या डेसाऊ येथे फ्रीडरिश लुट्समान हे कुलपे व लोखंडकामाचे दरबारी कारागीर होते. बेंझ यांच्या गाडीने प्रभावित होऊन त्यांनी नव्वदीच्या दशकाच्या पूर्वार्धात स्वतःच्या मोटारगाड्या बनवायला सुरुवात केली. ३० सप्टेंबर १८९७ रोजी बर्लिनच्या हॉटेल ब्रिस्टॉलमध्ये मध्य-युरोपीय मोटारवाहन संघाची स्थापना झाली आणि त्या निमित्ताने केवळ आठ मोटारी प्रदर्शनात मांडल्या गेल्या. बेंझ आणि डाइमलर यांच्या गाड्यांबरोबर लुट्समान यांचीही गाडी तेथे होती. आठांत ज्याचे नाव आहे असा माणूस, हातात चालती गाडी आणि पेटंटे, पण मोठ्या प्रमाणावर माल काढण्याएवढे भांडवल नाही. ओपेल बंधूंजवळ नेमके उलटे होते. स्थळ जुळल्यासारखे वाटावे अशीच ही परिस्थिती होती.

काय केले

२१ जानेवारी १८९९ रोजी ओपेलने लुट्समान यांचा डेसाऊचा ‘आनहाल्ट मोटारगाडी कारखाना’ विकत घेतला. यंत्रसामग्री आणि कामगार रुसेल्सहाइमला आणले गेले व नव्या मोटार विभागाची सूत्रे लुट्समान यांच्याकडेच देण्यात आली. त्याच वर्षी पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. गाडीचे नावच मोठे होते: ‘ओपेल पेटंट-मोटारगाडी, लुट्समान पद्धती’. खरेदीदाराने विक्रेत्याचे नाव मालावर ठेवले, यावरून त्या नावाची किंमत त्यांना किती वाटत होती ते दिसते.

गाडी जवळून पाहिली तर ती घोडे सोडून ठेवलेल्या बग्गीसारखी दिसते. उंच बैठक, त्याहून उंच मागची चाके, पुढे सुकाणूचा उभा दांडा. बैठकीच्या मागे, खोक्यात, आडवा पडलेला एकच सिलिंडर. त्याचे आकारमान सुमारे दीड लिटर, शक्ती साडेतीन ते चार अश्वशक्ती, आणि तीही मिनिटाला ६५० फेऱ्यांवर. आजच्या गाडीचे इंजिन नुसते उभे असतानाही याहून जास्त फेरे घेते. सिलिंडरला पाण्याने थंड ठेवलेले, गती दोन, आणि सपाट रस्त्यावर वेग ताशी सुमारे २० किलोमीटर. भरीव रबरी धावांच्या गाडीची किंमत २,६५० मार्क होती आणि हवेच्या टायरांसाठी वर पैसे मोजावे लागत. पंप मारायचे टायर ओपेलच्या सायकलींना अंगवळणी पडलेले असताना गाडीत मात्र ती चैन मानली जावी, ही गंमत आहे.

१८९९ मध्ये अशा ११ गाड्या बनल्या, १९०० मध्ये २४ आणि १९०१ मध्ये ३०, म्हणजे तीन वर्षांत ६५. सगळ्या मूळ किमतीला विकल्या गेल्या असे धरले तरी एकूण विक्री पावणेदोन लाख मार्कांच्या आतच राहते. तुलनेसाठी, मानहाइमच्या बेंझ कंपनीने एकट्या १८९९ मध्ये ५७२ मोटारी बनवल्या होत्या आणि तिची लहान ‘व्हेलो’ गाडी ओपेलच्या गाडीपेक्षा स्वस्त होती.

गाडी वाईट नव्हती. १९०१ मध्ये हाइडेलबर्गजवळच्या क्योनिगश्टूल डोंगराच्या चढाची शर्यत हाइनरिश ओपेल यांनी याच गाडीने जिंकली. तिचा दोष वेगळाच होता आणि तो चालवून पाहताना कळणारा नव्हता: तिची रचना एका संपत आलेल्या घराण्यातली होती. लुट्समान यांनी बेंझकडून उचललेली कल्पना म्हणजे मागे ठेवलेले, सावकाश फिरणारे, एक सिलिंडरचे इंजिन. फ्रान्समध्ये पानार-लव्हासोर कंपनीने १८९१ च्या सुमारास इंजिन पुढे आणून ठेवले होते. लुई रेनो यांनी १८९८ मध्ये साखळीऐवजी दांड्याने मागच्या आसाला थेट गती दिली. आणि १९०१ च्या वसंतात विल्हेल्म मायबाख यांनी डाइमलरसाठी तयार केलेली ३५ अश्वशक्तीची ‘मर्सिडीज’ नीसच्या शर्यतसप्ताहात धावली, तेव्हा बुटका पोलादी सांगाडा, पुढे चार सिलिंडर आणि मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर पाहणाऱ्याला बग्गीचे दिवस भरल्याचे कळून चुकले. त्या लाटेत खुद्द बेंझ कंपनीची विक्रीही घसरली, तेथे लुट्समान यांचा काय पाड.

दुसरा निर्णय

१९०१ मध्ये ओपेल आणि लुट्समान वेगळे झाले व त्या गाडीचे उत्पादन बंद करण्यात आले. माझ्या दृष्टीने या प्रकरणातील महत्त्वाचा क्षण १८९९ ची खरेदी नव्हे, तर हा आहे. हात पोळलेला कारखानदार अशा वेळी दोनपैकी एक करतो: एक तर गुंतलेला पैसा वाया जाऊ नये म्हणून त्याच गाडीला ठिगळे लावत बसतो, किंवा मोटारीचा नादच सोडतो. ओपेल बंधूंनी यांपैकी काहीच केले नाही. त्यांनी त्या वर्षी मोटारसायकली काढल्या, म्हणजे इंजिनाचा हात चालू ठेवला आणि सायकलीच्या सांगाड्याचे घरचे ज्ञानही वापरले. आणि दुसरीकडे त्यांची नजर फ्रान्सकडे वळली.

१९०२ मध्ये अलेक्सांद्र दाराक यांच्या कंपनीशी करार झाला. दाराक यांची पूर्वपीठिका पाहिली तर ओपेल बंधूंना ते घरचेच वाटले असावेत: त्यांनी तरुणपणी शिलाई यंत्रांच्या कारखान्यात काम केले होते, नंतर ‘ग्लादिआतर’ नावाने सायकली बनवल्या होत्या, आणि मग पॅरिसजवळच्या स्युरेन येथे मोटारींचा कारखाना काढला होता. करारानुसार दाराकचे सांगाडे रुसेल्सहाइमला येत, त्यांवर ओपेल स्वतःची बॉडी चढवत असे आणि गाडी ‘ओपेल-दाराक’ म्हणून विकली जात असे. तीन वर्षांपूर्वी जो परवान्याचा पर्याय बाजूला राहिला होता, तोच आता उचलला गेला.

परंतु त्याच वर्षी, १९०२ मध्ये, हाम्बुर्गच्या प्रदर्शनात ओपेलने स्वतः आखलेली दोन सिलिंडरची १०/१२ अश्वशक्तीची गाडीही मांडली. एका हाताने परक्याची चालणारी गाडी विकायची आणि दुसऱ्या हाताने तिच्याकडून शिकत आपली गाडी घडवायची, अशी ही दुहेरी योजना होती. यात पहिल्या वेळेची चूक बरोबर ओळखलेली दिसते: कारखान्यावर अवलंबून असलेली भाकरी एकाच माणसाच्या एकाच रचनेवर टांगायची नाही.

परिणाम

१९०६ मध्ये ओपेलची हजारावी मोटार तयार झाली आणि १९०७ मध्ये दाराकशी असलेला संबंध संपला. त्याच वर्षी टाउनुस डोंगरांत झालेल्या कैसरच्या चषकाच्या शर्यतीत कार्ल य्योर्न्स यांची ओपेल तिसरी आली. पहिल्या दोन जागा इटलीच्या फियाट आणि बेल्जियमच्या पीप यांनी घेतल्या, म्हणजे जर्मन गाड्यांत ओपेल पहिली होती. १९०९ मध्ये ४/८ अश्वशक्तीची छोटी गाडी निघाली. खेडोपाडी रुग्ण पाहायला जाणाऱ्या डॉक्टरांनी ती एवढी उचलली की तिला ‘डॉक्टरांची गाडी’ हेच नाव पडले. ज्या गिऱ्हाइकाला शोफर ठेवणे परवडत नाही पण वेळेवर पोहोचणे भाग आहे, असे गिऱ्हाईक ओपेलला सापडले होते. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर ओपेल हा जर्मनीतील सर्वांत मोठा मोटार कारखाना होता.

ऑगस्ट १९११ मध्ये रुसेल्सहाइमच्या कारखान्याला मोठी आग लागली. पुनर्बांधणी करताना शिलाई यंत्रांचा विभाग परत उभा करायचा नाही, असे ठरले. तोपर्यंत सुमारे दहा लाख यंत्रे बनली होती. ज्या धंद्याने गोठ्यापासून कारखान्यापर्यंत आणले तो आगीच्या निमित्ताने बंद झाला आणि नव्या इमारतीतील जागा मोटारी व सायकलींना मिळाली. झोफी ओपेल यांनी हेही पाहिले. त्यांचे निधन १९१३ मध्ये झाले.

वेगळे काय करता आले असते

खरेदीच करायला नको होती, असे मला वाटत नाही. डेसाऊहून आलेल्या यंत्रांबरोबर आणि कामगारांबरोबर कारखान्याला सिलिंडर, ठिणगी आणि इंधन यांच्याशी झटापट करण्याची तीन वर्षे मिळाली. त्या तीन वर्षांशिवाय १९०२ ची स्वतःची गाडी एवढ्या लवकर हाम्बुर्गला पोहोचली असती का, हा प्रश्न आहे. ६५ गाड्यांकडे विक्रीच्या आकड्यासारखे पाहिले तर ते अपयश आहे, शिकण्याच्या खर्चासारखे पाहिले तर तो फार नाही.

चूक तपासणीत झाली. घेण्यापूर्वी गाडी चालते का हे पाहिले गेले, पण ती कोणाच्या बरोबरीने चालते हे पाहायला पॅरिसला जायला हवे होते. पॅरिसमध्ये १८९८ च्या उन्हाळ्यात मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते; ओपेल घराण्याला ते शहर परके नव्हते, त्यांचा सगळा धंदाच तेथून आणलेल्या विद्येवर उभा होता. तेथे एक फेरी मारून पुढे इंजिन असलेल्या गाड्या मोजल्या असत्या, तरी लुट्समान यांच्याशी बोलणी वेगळ्या पायावर झाली असती.

करारातही दोन गोष्टी सुटलेल्या दिसतात. आपल्या एकाच रचनेवर लहानशा कामशाळेत गाड्या घडवणारा आणि तीच गाडी शेकड्यांनी काढणारा, यांना लागणारी बुद्धी वेगळी असते. विभागाची सूत्रे आणि रचनेचा अधिकार या दोन गोष्टी लुट्समान यांच्याकडे एकत्र दिल्या गेल्या. त्यांच्याकडे प्रयोगशाळा ठेवून उत्पादन फ्रिट्स किंवा विल्हेल्म यांच्याकडे ठेवले असते, तर रचना बदलण्याची वेळ आली तेव्हा माणूस बदलावा लागला नसता. दुसरे म्हणजे गाडीला ‘लुट्समान पद्धती’ हे नाव दिल्यामुळे तिच्यात मोठा बदल करणे हे आपोआपच त्या माणसाला खोटे पाडण्यासारखे झाले.

लुट्समान यांच्या बाजूनेही एक वेगळा सौदा शक्य होता. त्यांनी कारखाना, नाव आणि पेटंटे सगळे एकदम दिले आणि बदल्यात पद घेतले. पद दोन वर्षांत गेले. पेटंटे स्वतःकडे ठेवून ओपेलला केवळ वापरण्याचा हक्क आणि प्रत्येक गाडीमागे ठरावीक रक्कम असा करार झाला असता, तर ६५ गाड्यांवर फार काही हाती लागले नसते, पण डेसाऊची कामशाळा त्यांची राहिली असती.